गेट नंबर दोनवरचा बवाज

तीन आठवडे झाले, मी भेटेल त्याला धरून एकच गोष्ट सांगतेय. लेकीला सांगून झालं, जावयाला सांगून झालं, अलिबागच्या बहिणीला फोनवर सांगत होते तेव्हा तिची आमटी करपली. आता तुमची पाळी.

सुरुवात झाली इंदिरापुरममधल्या आमच्या सोसायटीच्या गेट नंबर दोनवर. जानेवारीतला रविवार, संध्याकाळचे साडेसात, आणि गाझियाबादचं ते धुकं, ज्यात समोरची रिक्षा आधी ऐकू येते आणि मग दिसते. दिल्ली शहरातल्या दिल्ली गेटजवळच्या महिला हाटात रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथून मी परत येत होते. फोन वाटेतच मेला होता. गेटवर नवा गार्ड. त्याच्या हातातल्या मोबाइलमधल्या रहिवाशांच्या यादीत मी नव्हतेच. म्हणजे फ्लॅट होता, लेक होती, जावई होता. पण चार महिन्यांपूर्वी अलिबागहून येऊन राहिलेली सासू कोणी नोंदवलेलीच नव्हती. इंटरकॉम वाजवला तर घरात कोणी नाही, दोघं नोएडाला लग्नाला गेलेली. "आंटीजी, बिना अप्रूवल के नहीं जाने दे सकते, मेरी नौकरी चली जाएगी," गार्ड म्हणाला. खरं सांगते, राग आला होता. पण त्याने स्वतःची लाल प्लास्टिकची खुर्ची पुसून मला दिली, फळ्यांच्या तुकड्यांची शेकोटी पेटली होती तिच्याजवळ सरकवली आणि स्वतः बॅरियरपाशी उभा राहिला. मग कसला राग धरणार?

पिशवीत त्या दिवशीची एकच खरेदी होती: ऐंशी रुपयांना घेतलेलं मराठी बायबल. का घेतलं? मराठी होतं म्हणून. दिल्लीकडे राहायला आल्यापासून मराठी अक्षर दिसलं की मी भेळेचा कागदही सरळ करून वाचते. चौतीस वर्षं बँकेत काढली, बायबल कधी उघडलं नव्हतं. पुस्तकात कोणाचं तरी जुनं एसटीचं तिकीट खूण म्हणून होतं. तिथेच उघडलं. रूथ नावाचं चार अध्यायांचं छोटंसं प्रकरण, त्याचा शेवटचा अध्याय. आणि पहिल्याच ओळीत बवाज नावाचा एक शेतकरी गावाच्या वेशीत जातो आणि तिथे बसतो.

वेशीत जातो. आणि बसतो.

मी त्या लाल खुर्चीत ताठ झाले. अहो, मीपण वेशीत बसले होते!

आता तो बवाज तिथे कशाला बसला, ऐका. रूथ ही परदेशी विधवा. सासूबरोबर, नामीबरोबर, तिच्या गावी आलेली. नामीच्या मयत नवऱ्याची जमीन सोडवायची आहे आणि जो ती सोडवेल त्याने रूथशी लग्नही करायचं आहे. बवाजचं मन तिच्यावर आहे, पण त्याच्याहून जवळचा एक भाऊबंद आहे, पहिला हक्क त्याचा. मग बवाज काय करतो? कोर्टात जात नाही, त्याच्या घरी जात नाही. वेशीत बसून राहतो. कारण गावातला प्रत्येक माणूस शेताला जाताना वेशीतूनच जाणार. तो भाऊबंद येतो. बवाज म्हणतो, ये, बस इथे. मग गावातले दहा वडीलधारे बोलावून बसवतो. झालं, कोर्ट भरलं! जमीन म्हटल्यावर भाऊबंद लगेच तयार. जमिनीबरोबर रूथ येईल म्हटल्यावर लगेच मागे. पायातली वहाण काढून देतो, तोच व्यवहाराचा पुरावा. ना स्टॅम्प पेपर, ना सबरजिस्ट्रार. बँकेत कर्जाची कागदपत्रं तपासत म्हातारी झालेली मी, त्या वहाणेपाशी बराच वेळ थांबले. आणि गंमत बघा, त्या भाऊबंदाचं नाव कथेत दिलेलंच नाही. मूळ हिब्रूत त्याला "अमका तमका" म्हणतात तशा दोन शब्दांत उरकलंय.

लेक-जावई साडेनऊला आले. मला शेकोटीपाशी बायबल वाचताना बघून लेकीचा चेहरा जो झाला तो झाला. "आई, तू ठीक आहेस ना?" मी म्हटलं, "आत नेऊ नकोस, अध्याय संपू दे."

त्या रात्री झोप कसली येतेय! मला खूळ लागलं होतं ते "वेस" या शब्दाचं. दुसरा कोणताही शब्द असता, फाटक, दरवाजा, द्वार, तर मी पान उलटून पुढे गेले असते. पण वेस म्हटल्यावर एकदम सगळं गाव उभं राहतं. वेशीवरचा मारुती. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाला त्या मारुतीच्या पाया पडायला नेतात. दसऱ्याला सीमोल्लंघनाला वेस ओलांडून जातात. भांडण फार वाढलं की म्हणायचं, घरातली लक्तरं वेशीवर टांगू नका. का वेशीवरच? कारण सगळं गाव तिथून जातं! हे मला अठ्ठावन्न वर्षांत कधी सुचलं नव्हतं. आपली भाषा आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं ते हिब्रू गाव एकाच दाराशी बसलेलं होतं, आणि ते मला कळावं म्हणून गाझियाबादला येऊन गार्डने अडवावं लागलं.

मग मी वेड लागल्यासारखी वेशी शोधायला लागले. पेन्सिल घेऊन बसले. वेस, दार, फाटक, कोट, पडदा, जे दिसेल त्याखाली रेघ. आणि दिसत काय गेलं? या पुस्तकात महत्त्वाचं जे जे घडतं, ते दाराशी घडतं! लोट सदोमच्या वेशीत बसलेला असतो तेव्हा देवदूत येतात. अब्राहाम बायकोच्या कबरीसाठी हेब्रोनला जमीन विकत घेतो, ती वेशीत जमलेल्या लोकांच्या देखत, चारशे शेकेल चांदी मोजून. मर्दखय राजाच्या दारात बसतो आणि तिथे बसल्यामुळेच कट त्याच्या कानावर येतो. नीतिसूत्रांमध्ये तर शहाणपण हीच एक बाई आहे आणि ती वेशीत उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारते. घरात नाही, देवळात नाही, वेशीत! आमोस नावाचा मेंढपाळ संदेष्टा श्रीमंतांवर कडाडतो तेव्हा त्याची मागणी साधी असते: न्याय वेशीत उभा करा. मला आधी वाटलं ही कविकल्पना असेल. मग जावयाने इंटरनेटवर फोटो शोधून दाखवले. इस्रायलच्या उत्तरेला तेल दान म्हणून जागा आहे, तिथलं प्राचीन वेशीचं उत्खनन झालंय आणि वेशीच्या आत भिंतीला लागून दगडी बाकं आहेत. बसायला! मगिद्दो, हासोर, गेजेर इथल्या वेशींना तर आत सहा सहा खोल्या. वेस म्हणजे भिंतीतलं नुसतं भोक नव्हे, एक अख्खी इमारत. तहसील, बाजार, पोलीस चौकी आणि कट्टा, सगळं एका छपराखाली.

आणि आमचं गेट नंबर दोन? त्याला दोन बॅरियर, तीन कॅमेरे, आणि बसायला एक खुर्ची, तीही गार्डची.

दावीद राजाची गोष्ट मी लेकीला स्वयंपाकघरात वाचून दाखवली. त्याचा मुलगा अबशालोम. हा पोरगा रोज सकाळी लवकर उठून वेशीच्या रस्त्यावर उभा राहायचा आणि राजाकडे फिर्याद घेऊन येणाऱ्या माणसाला वाटेतच गाठायचा. तुझं म्हणणं बरोबर आहे रे, पण ऐकतो कोण, मी न्यायाधीश असतो तर! असं करत करत त्याने माणसं फोडली आणि बापाविरुद्ध बंड केलं. लढाईच्या दिवशी दावीद दुसऱ्या एका गावाच्या दोन दारांच्या मधल्या जागेत बसून आहे. छपरावरचा पहारेकरी ओरडतो, एक माणूस पळत येतोय. मग दुसरा येतोय. आणि बातमी काय, तर जिंकलो, पण मुलगा गेला. तेव्हा राजा कुठे जाऊन रडतो? वेशीवरच्या माडीत! मुलाने बाप गमावला तो वेशीत उभा राहून, आणि बापाने मुलासाठी हंबरडा फोडला तोही वेशीवर. लेक कणिक मळत होती. मळता मळता थांबली. "आई, हे सिनेमासारखं आहे," म्हणाली. मी म्हटलं, सिनेमा याच्यासारखा आहे.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट राजांच्या दुसऱ्या ग्रंथातली. शोमरोन शहराला अरामी फौजेचा वेढा पडलाय. आत इतका दुष्काळ की गाढवाचं मुंडकं ऐंशी रुप्यांना विकतंय. आणि वेशीच्या बाहेर चार महारोगी बसलेत. त्यांना आत घेत नाहीत आणि बाहेर शत्रू. ते आपसात हिशोब करतात, माझ्या बँकेतल्या कोणत्याही मॅनेजरपेक्षा स्वच्छ हिशोब: इथे बसलो तर मरणार, आत गेलो तर उपाशी मरणार, शत्रूकडे गेलो तर फार तर मारतील. जाऊ या. संध्याकाळी अंधार पडताना जातात तर छावणी रिकामी! अरामी लोकांना रथघोड्यांचा आवाज ऐकू आला आणि ते सगळं टाकून पळाले. चौघं एका तंबूत शिरतात, पोटभर खातात, पितात, सोनं-रुपं नेऊन पुरतात. दुसऱ्या तंबूत शिरतात, तिथलंही नेतात. आणि मग त्यांच्यातच कुजबुज होते: आपण हे बरं करत नाही. आत माणसं मरतायत आणि आपण गप्प बसलोय. मग ते चौघं परत वेशीशी येतात, ज्या वेशीने त्यांना कधी आत घेतलं नाही, आणि द्वारपाळाला हाक मारतात. दुसऱ्या दिवशी त्याच वेशीत पीठ एका शेकेलला मापभर विकायला येतं. ज्या सरदाराने हे शक्यच नाही म्हणून टिंगल केली होती, तो त्याच वेशीत गर्दीच्या पायांखाली चेंगरून मरतो. आतल्यांना वाचवलं कोणी? बाहेर ठेवलेल्यांनी. आणि बरं का, त्या चौघांना नंतर आत घेतलं की नाही, त्याबद्दल कथा चकार शब्द काढत नाही. मी ते पान तीनदा उलटसुलट बघितलं.

आता गाझियाबादकडे येते, कारण इथेच मला दुसरा धक्का बसला. जावई म्हणाला, आई, गाझियाबादच्या पण वेशी आहेत की! वजीर गाझिउद्दीनने १७४० मध्ये हे गाव वसवलं. त्याच्या नावावरून गाझिउद्दीननगर, आणि १८६४ मध्ये रेल्वे आल्यावर त्याचं आखडून झालं गाझियाबाद. त्याने इथे एकशे वीस खोल्यांची कमानींची सराय बांधली. आणि गावाला वेशी होत्या चार: दिल्ली गेट, डासना गेट, सिहानी गेट आणि शाही गेट. शाही गेटचं स्वातंत्र्यानंतर झालं जवाहर गेट. दुसऱ्याच दिवशी मी शहीद स्थळपर्यंत मेट्रोने गेले आणि पुढे ई-रिक्षा. रिक्षावाल्याला म्हटलं, मला चारही गेटं दाखवा. तो म्हणाला, "गेट देखके क्या करोगी आंटी, कपड़ा लेना है तो तुराब नगर चलो." खरंच, बघायला असं फार नाही. विजेच्या तारा, पाट्या, हातगाड्या, कमानींवर चढलेली दुकानं. पण नावं! दिल्ली गेटमधून निघालं की दिल्ली, डासना गेटमधून डासना, सिहानीमधून सिहानी. वेशीला आपण जिथे आहोत तिथलं नाव नसतं, जिथे जायचं तिथलं असतं. यरुशलेमची दमास्कस वेस आणि याफा वेस तशीच. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजाही तसाच, हत्तीने धडक देऊ नये म्हणून खिळे ठोकलेला आणि तोंड उत्तरेला करून बसलेला. पूर्वीच्या औरंगाबादचा पैठण दरवाजाही तसाच. लहानपणापासून ही नावं ऐकली होती. दाराला गावाचं नाव देणं म्हणजे दाराने त्या गावाकडे बोट दाखवणं, हे डासना गेटच्या भाजी मार्केटात उभं राहिल्यावर कळलं. गाजर स्वस्त होतं, तेही घेतलं.

आणि एक पाचवी वेस. यूपी गेट. दिल्लीची हद्द संपून गाझियाबाद लागतं ती जागा. दार म्हणावं असं मला तिथे काही दिसलं नाही, उड्डाणपूल आणि वाहनंच वाहनं. पण नाव गेट. लेक म्हणाली, आई, शेतकरी इथेच बसले होते. नोव्हेंबर २०२० ते डिसेंबर २०२१, तीन कृषी कायद्यांविरुद्ध. पोलिसांनी बॅरिकेड लावले, काटेरी तारा लावल्या, रस्त्यात लोखंडी खिळे गाडले. शेतकऱ्यांनी तंबू ठोकले, चुली पेटवल्या आणि बसले. थंडीत, उन्हाळ्यात, पावसात. लेकीला तेव्हा ऑफिसला जायला दीड तास जास्त लागायचा, ती अजून त्याबद्दल कुरकुरते. पण मी ऐकता ऐकता खुर्चीतून उठलेच. म्हटलं, अगं, ते वेशीत बसले होते! बवाजसारखे! ज्याला दाद मागायची आहे तो वेशीत जाऊन बसतो, आणि राजाला शहरातून बाहेर पडताना त्याच्याकडे बघावंच लागतं. लेक म्हणाली, आई, तुला आता सगळीकडे वेस दिसणार. दिसणारच.

मग अलिबाग आठवलं. हे सांगताना मला अजून काटा येतो. आमच्या अलिबागला इस्रायल आळी आहे. शेजारच्या एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आजींच्या दाराच्या चौकटीला उजवीकडे तिरकी, बोटभर लांब नळी ठोकलेली होती. घरातलं कोणी बाहेर जाताना तिला बोट लावून ओठाला लावायचं. आम्ही पोरंपण लावायचो, आजी हसायच्या. मला वाटायचं, आपण उंबरठ्याला नमस्कार करतो तसं काहीतरी असेल. आता अनुवाद या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचताना कळलं, आज्ञाच आहे: ही वचनं घराच्या चौकटीवर आणि आपल्या वेशींवर लिहा. ती नळी म्हणजे मेजुजा, आणि मेजुजा या शब्दाचा अर्थच मुळी दाराची चौकट. आतल्या गुंडाळीच्या मागच्या बाजूला देवाचं एक नाव लिहितात, शद्दाय. त्याच्या तीन अक्षरांची फोड करून ते लोक सांगतात: इस्रायलच्या दारांचा राखणदार. म्हणजे देव कोण? गार्ड!

आणि मुंबईत बेने इस्रायलांनी १७९६ मध्ये पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं त्याचं नाव काय? शार हारहमीम. दयेची वेस! बांधणारा सामाजी हसाजी दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटलो तर मंदिर बांधीन, असा नवस त्याने केला होता, अशी आख्यायिका आहे. आडनाव दिवेकर, बोली मराठी, आणि मंदिराचं नाव ठेवलं हिब्रूत वेशीवरून. मध्य रेल्वेवरचं मशीद स्टेशन याच मंदिरावरून ओळखलं जातं, असं बेने इस्रायली सांगतात. मी त्या स्टेशनवरून नोकरीच्या काळात शेकडो वेळा गेले असेन! आणि आता ऐका. यरुशलेमच्या पूर्व भिंतीत एक वेस आहे, ती दगडांनी चिणून बंद केलेली. यहेज्केल संदेष्ट्याने पूर्वेच्या दाराबद्दल लिहिलंय की ते बंदच राहील, कारण त्यातून परमेश्वर आत गेला आहे. त्या चिणलेल्या वेशीचं हिब्रू नाव? शार हारहमीम. तेच! तिकडे बंद आहे ती दयेची वेस आमच्या मुंबईच्या मांडवीत उघडी. मी हे बहिणीला सांगत होते तेव्हाच ती आमटी करपली.

सगळंच असं गोड नाही, हेही सांगते. दार उघडतं तसं ते अडवतंही, आणि हे पुस्तक त्याबद्दल गुळमुळीत बोलत नाही. एदेन बागेच्या वाटेवर फिरती जळती तलवार. नोहाच्या तारवाचं दार देव स्वतः बाहेरून लावून घेतो, आणि बाहेर राहिलेल्यांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. श्रीमंताच्या फाटकाशी फोडांनी भरलेला लाजर पडून असतो. श्रीमंत रोज त्याच फाटकातून गेला असणार. आणि यरुशलेमच्या मंदिरात तर छातीएवढ्या उंचीचा एक कठडा होता. त्याच्या पलीकडे परक्यांना बंदी. ग्रीकमध्ये पाट्या लावलेल्या: परका आत सापडला तर आपल्या मरणाला तोच जबाबदार. त्यातली एक दगडी पाटी १८७१ मध्ये क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला सापडली, आज ती इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. पौलावर आरोप झाला तो हाच, की त्याने इफिस गावच्या त्रोफिम नावाच्या परक्याला आत नेलं. दंगल झाली आणि मंदिराची दारं धाडकन बंद झाली. आणि पौलाच्या नावाने त्याच इफिसच्या लोकांना गेलेल्या पत्रात काय आहे? मधली भिंत पाडली गेली.

हे वाचताना मी एकदम पंढरपूरला जाऊन पोचले. चोखोबा. आयुष्यभर महाद्वाराच्या बाहेर उभे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना तीच भिंत अंगावर कोसळून गेले, असं सांगतात, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. आत नाहीच. बाहेर, पायरीपाशी. नाशिकला २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला तेव्हा माणसं दारांशी बसली, आणि दारं बंद राहिली. पंढरपूरच्या दारासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी दहा दिवस उपास केला तेव्हा ते उघडलं. आमच्या भाषेत "वेशीबाहेर" हा शब्द साधा पत्ता नाही, ती शिक्षा आहे, आणि ती कोणाला होती ते आपल्याला माहीत आहे. इब्री लोकांच्या पत्रात लिहिलंय की येशूने वेशीबाहेर मरण सोसलं. इंग्रजीत कोणी वाचत असेल तर ते नकाशावरचं ठिकाण वाटत असेल. मराठीत ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ बाल्कनीत जाऊन उभी राहिले. खाली गेट नंबर दोन दिसतं. कामवाल्या मुलींची रांग होती, एकेकीची पिशवी उघडून बघत होते.

त्यानंतर माझी रोजची सवय झाली. संध्याकाळी थर्मासमध्ये चहा घेऊन खाली जायचं. गार्ड भैया यूपीतल्या बांद्याकडचे, वय माझ्याएवढंच असेल, बारा तासांची ड्यूटी. त्यांना मी रोज एक गोष्ट सांगते, हिंदीत, माझ्या हिंदीत. शमशोनची सांगितली. गज्जा शहरात तो मुक्कामाला असतो, लोक त्याला धरायला रात्रभर वेशीत दबा धरून बसतात, आणि हा मध्यरात्री उठून वेशीची दारं, दोन्ही खांब आणि अडसर, सगळं उपटून खांद्यावर टाकतो आणि हेब्रोनसमोरच्या डोंगरावर नेऊन ठेवतो. साधारण इथून मेरठ एवढं अंतर, आणि तेही चढाचं. भैया खूप हसले. मग एकदम गंभीर झाले. "और जो गार्ड ड्यूटी पे थे, उनकी तो तनख्वाह कटी होगी."

मग मी त्यांच्यासाठी पहिल्या इतिहास ग्रंथातला सव्विसावा अध्याय शोधून काढला. यरुशलेमच्या मंदिराच्या द्वारपाळांची यादी! चिठ्ठ्या टाकून कोणाला कोणती वेस ते ठरवलेलं: पूर्वेला दररोज सहा, उत्तरेला चार, दक्षिणेला चार, भांडारापाशी दोन दोन, पश्चिमेच्या रस्त्याला चार आणि आणखी दोन. एकूण चोवीस. घराण्यांची नावं, मुलांची नावं, सगळं. भैयांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "ये तो ड्यूटी चार्ट है," म्हणाले. शिवाय चौऱ्याऐंशीवं स्तोत्र, ज्याच्यात माणूस म्हणतो की दुष्टांच्या तंबूंत राहण्यापेक्षा देवाच्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहणं मला आवडेल, ते कोरहाच्या वंशजांचं मानतात. आणि कोरहाचे वंशज कोण? हेच द्वारपाळ! ते गाणं उंबऱ्यावर ड्यूटी करणाऱ्याचं आहे!

शेवटच्या पुस्तकातलं शहर मात्र त्यांना पटलं नाही. प्रकटीकरणात एक नवं शहर स्वर्गातून उतरतं. लांबी बारा हजार स्टेडिया, म्हणजे दिल्लीहून जवळपास कन्याकुमारी. भिंत मात्र १४४ हात, आमच्या एकवीस मजली टॉवरएवढीच. बारा वेशी, दर बाजूला तीन, प्रत्येक वेस एका अख्ख्या मोत्याची, प्रत्येकीवर एक देवदूत. आणि त्या वेशी दिवसा कधीच बंद होत नाहीत, आणि तिथे रात्र नसतेच. मला रायगडची हिरकणी आठवली. सूर्य मावळला, महादरवाजा बंद, खाली घरात तान्हं पोर, आणि ही बाई कडा उतरून गेली, ती आख्यायिका. त्या शहरात हिरकणीला कडा उतरावा लागला नसता. मी हे भैयांना रंगवून रंगवून सांगितलं. ते बॅरियरच्या दोरीशी चाळा करत ऐकत होते.

"बारह गेट, बारह गार्ड, और गेट बंद ही नहीं होता," ते म्हणाले. "तो वो बारह करते क्या हैं दिन भर?"

मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं, बसत असतील. येणाऱ्याला या म्हणत असतील.

काल त्यांनी पुन्हा बवाजची गोष्ट सांगायला लावली. तेवढ्यात एक डिलिव्हरीवाला मुलगा आला. भैयांनी वही पुढे केली: नाव, मोबाइल नंबर, फ्लॅट, वेळ, सही. मुलाने भराभर लिहिलं आणि पळाला. मी त्या भाऊबंदापर्यंत आले होते, वहाण काढून देणाऱ्या. म्हटलं, त्याचं नाव मात्र पुस्तकात नाही. भैयांनी वहीवरून मान वर केली, चष्मा कपाळावर सरकवला.

"दस गवाह बैठे थे, जूता तक उतरवा लिया," ते म्हणाले. "और एंट्री किसी ने नहीं की?"